वैवाहिक स्थितीचा रकाना

काका समाजाच्या मंडळाचे सचिव झाले आणि माझे रविवार गेले. आठवड्याचे सहा दिवस मी अकोल्याहून अमरावतीला जाते. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो, आणि मग एका कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळपर्यंत जावा शिकवायचं. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, स्वतःच्या जावांत राहिली नाही आणि दुसऱ्याच्या पोरांना जावा शिकवून राहिली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता, आता नुसती मान हलवते. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की माझा दिवस चांगला गेला असं मी समजते. तर रविवार तेवढा माझा होता, कपडे धुवायचा, केस धुवायचा आणि दुपारी पाय लांब करून पडायचा.

काका आले ते चहा प्यायच्या आधीच बोलले. "बाई, तू कम्प्युटरवाली हायेस. मेळाव्याचं तेवढं करून दे. मागच्या सालासारखी फजिती नोको."

मागच्या वर्षीच्या फजितीला मीही हजर होते. आमच्या समाजाचा परिचय मेळावा दरवर्षी अमरावतीला होतो. लग्नाची मुलंमुली एकेक करून स्टेजवर येतात, मागच्या पडद्यावर फोटो आणि माहिती झळकते, निवेदक ती माईकवर वाचतो आणि समोर बसलेले आईबाप पुस्तिकेत खुणा करतात. तर मागच्या वर्षी एक पासष्टीचे गृहस्थ स्टेजवर आले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हातारपणी सोबत हवी म्हणून पोरांनीच आणलेले. निवेदकानं खणखणीत आवाजात वाचलं, "वैवाहिक स्थिती, प्रथम विवाह!" हॉल असा हसला की बस. त्या गृहस्थांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "अरे बाप्पा, माही नात बसली हाय खाली!"

त्यात त्यांची चूक नव्हती आणि निवेदकाचीही नव्हती. जुन्या प्रोग्राममध्ये वैवाहिक स्थिती आकड्यानं ठेवलेली होती. शून्य म्हणजे प्रथम विवाह, एक म्हणजे विधुर, असं पुढे. भरणाऱ्यानं कंटाळा केला, त्या रकान्याला हातच लावला नाही, तर रकाना रिकामा राहत नाही, त्यात आपोआप शून्य बसतं. हे मी क्लासमध्ये घसा कोरडा होईपर्यंत सांगते. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेला एकेक नग, आणि फील्ड म्हणजे त्या नगाच्या पोटातला रकाना. तुम्ही रकान्यात व्हॅल्यू भरली नाही तर भाषा तिच्या मनानं भरते, आणि ती भरलेली तुम्हाला सांगतसुद्धा नाही. पोट्टे वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत तीच चूक करतात. मीही आता फार मनाला लावून घेत नाही.

काकांना नाही म्हणायचं त्राण नव्हतं. नाही म्हटलं की पाऊण तास समजावणार, त्यापेक्षा हो म्हटलेलं परवडतं. मी नवा प्रोग्राम लिहायला घेतला. उमेदवार नावाचा साचा केला. त्यात नाव, शिक्षण, उंची, नोकरी, शेती, मामेकूळ, अपेक्षा. अपेक्षेच्या रकान्यात कोणी काहीही लिहो, 'निर्व्यसनी व मनमिळाऊ' लिहो नाहीतर 'पुण्यात फ्लॅट' लिहो, मला घेणं नव्हतं. वैवाहिक स्थिती मात्र मी आवळून बांधली. हा रकाना थेट कोणी भरू शकणार नाही, आधी एका तपासणीतून जायचं. रिकामा सोडला तर नोंद पुढे सरकणार नाही, आणि ठरलेल्या यादीतली व्हॅल्यू असेल तरच आत जाईल. यादी काकांनी फोनवर सांगितली. प्रथम विवाह, विधुर, विधवा, घटस्फोटित, आणि शेवटी नाममात्र घटस्फोटित.

शेवटचं टाइप करताना माझी बोटं थांबली.

नाममात्र म्हणजे लग्न लागलं, पण संसार झाला नाही. आणि संसार झाला नाही याचा खरा अर्थ हॉलमधल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक बाप्याला आणि चहा वाटणाऱ्यालाही बरोबर समजतो. फोटोच्या खाली, उंचीच्या शेजारी, तो छापायचा. पुरुषांना सहसा कोणी विचारत नाही, त्यांचं नुसतं 'घटस्फोटित' चालून जातं. बाईच्या बापाला मात्र विचारतात, तेही हळू आवाजात, फार मोठं सौजन्य केल्यासारखं. मला या शब्दाची किळस येते.

कारण मीही घटस्फोटित. माझं लग्न झालं होतं आणि वर्षही पुरं झालं नाही. मारहाण नव्हती, दारू नव्हती. त्याला मी नको होते, आणि ते त्यानं मला रोज, न चुकता, शांतपणे कळवलं. शेवटी मी बॅग भरली. मग कोर्टाच्या तारखा, त्यात वर्षं गेली, त्यातच आई गेली. आता जुन्या शहरातल्या घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांचं फुलांचं दुकान आहे. झेंडू, शेवंती, सणावाराला निशिगंध. मी परत आले त्या दिवसापासून नातेवाइकांचं एकच पालुपद, "ते काई लगन होतं का? ते धरायचंच नाही." माझ्या भल्यासाठीच म्हणायचे बिचारे. पण ते धरायचंच नाही तर मग मी तिथं इतके महिने काय करत होते? कणीक तिंबत होते, त्याच्या आईचे पाय चेपत होते, त्याच्या तोंडाकडे बघत होते, ते सगळं कोणाच्या खात्यावर? हे मी कोणाला विचारलं नाही. बोलून बोलून दमले होते.

बाबांनी विषय काढला तो संध्याकाळी, दुकानातून आल्यावर. मी नुकतीच गाडीतून उतरून आले होते आणि पाय बादलीत घालून बसले होते. ते समोर लसूण सोलत होते.

"तुहं बी नाव टाकलं का त्यात?"

"टाकते नं. काका सोडतीन का मले?"

"मंग नाममात्र लिहजो."

मी पाण्यातले पाय बाहेर काढले. "बाबा, ते खोटं हाय."

"कोन पाह्यले येते?"

"मी पाह्यते नं. मले मालूम हाय."

बाबांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तुह्या भल्यासाठी सांगून राह्यलो. नुसतं घटस्फोटित वाचलं की लोकं पान पलटवते. मी दुकानात बसतो, मले समजते लोकायचं. नाममात्र असलं की निदान विचारते तरी."

"विचारते, हाव. काय विचारते ते बी ऐका नं एक डाव."

ते पुन्हा लसूण सोलायला लागले. बाप आणि लेक या गोष्टीवर बोलू शकत नाहीत, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तरी मला राग इतका चढला की जेवण गेलं नाही. बाबा वाईट नाहीत. ते म्हातारे झालेत, त्यांना भीती वाटते की ते गेल्यावर मी एकटी कुलूप उघडून घरात शिरेन आणि दिवा मीच लावेन. ती भीती मला समजते. पण तिची किंमत माझ्या अंगावरून का वसूल करायची?

पुढच्या रविवारी मी प्रोग्राम उघडला आणि यादीतली ती ओळ खोडून टाकली. एवढं सोपं होतं. यादी करणारी मीच, तपासणी लिहिणारी मीच. आता कोणाचा बाप कितीही म्हणो, कोणाच्याही रकान्यात नाममात्र शिरणारच नाही, मशीन घेणारच नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. समाजसुधारणा वगैरे केल्यासारखं वाटलं. दुपारी छान झोप लागली.

नावनोंदणी अकोल्यात होती, मंडळाच्या खोलीत. मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी, काका पावत्यांशी, आणि बाबा बाजूला खुर्ची टाकून आल्यागेल्याला पाणी देत बसलेले. बहुतेक नोंदी बापच करतात. पोट्टे पुण्याला नाहीतर नागपूरला, पोट्टी घरी, आणि बाप समोर बसून सांगतो, "लिहा, सुस्वभावी." दुपारी गर्दी ओसरली तेव्हा दर्यापूरहून बसनं आलेल्या मायलेकी समोर बसल्या. आई घामाघूम. मुलगी माझ्याहून बरीच लहान, अंगणवाडीत काम करणारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळून गप्प बसलेली.

वैवाहिक स्थितीपाशी आलो. मी म्हणाले, "घटस्फोटित टाकू?"

आई पुढे वाकून पडद्याकडे बघायला लागली. "नाममात्र कुठं हाय यात?"

"ते काढून टाकलंय, काकू."

"काहून?"

मी माझं भाषण सुरू केलं. बाईचा मान, खासगी गोष्ट, कोणाला सांगायची गरज नाही. प्रमाण भाषेत, क्लासमध्ये बोलते तसं. आई ऐकत राहिली आणि मधेच लेकीकडे बघितलं. मुलीनं पदर सोडला.

"ताई, मले पाह्यजे ते."

"अगं, पण त्यात आपलाच अपमान..."

"तो लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी निंघून गेला. त्याचं दुसरीकडं होतं. मी त्याले धड पाह्यलं बी नाही. माहं खरंच तसं हाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण मान वर आली होती. "लोकं बारा गोष्टी बोलते माह्यामागं. ते एवढं लिहलं तर मले कोनाले काही सांगत बसा लागत नाही. तुमचं तसं नसन तर तुमी नका लिहू. माहं काहून काढून राह्यल्या?"

काकांनी पावत्यांतून डोकं वर केलं. बाबा पाण्याचा जग हातात घेऊन उभे होते. मला कान गरम झालेले कळले. हा शब्द घाणच आहे, आजही माझं तेच मत आहे. ज्या समाजात असला शब्द लागतो त्या समाजाला काय म्हणायचं ते म्हणा. पण ही पोरगी त्या समाजात दर्यापूरला राहते, मी तिला दुसरा समाज आणून देणार नव्हते. वर्षानुवर्षं मी पोरांना शिकवते की एका ऑब्जेक्टच्या रकान्यात काय भरायचं ते दुसऱ्या ऑब्जेक्टनं ठरवायचं नाही. आणि इथं मी सगळ्यांच्या पोटात हात घालून बसले होते.

"पाच मिनिटं थांब," मी म्हणाले. ओळ परत टाकली, प्रोग्राम पुन्हा चालवला. लॅपटॉप जुना, पंखा घरघरत होता. तिनं स्वतः माउस धरून यादीतून ते निवडलं. मग तिच्या आईनं पिशवीतून चार पेरू काढून टेबलावर ठेवले आणि दोघी बसला उशीर होतो म्हणून उठल्या.

बाबा जवळ आले. "आलं नं परत?"

"आलं. ज्याचं त्याले."

"मंग तुहं बी..."

मी त्यांच्या देखतच माझी नोंद उघडली. यादी खाली सरकवली, घटस्फोटित निवडलं आणि साठवलं. बाबांनी जग टेबलावर ठेवला, जरा जोरातच, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. काका म्हणाले, "बाई, एवढा हट्ट बरा नाही." मी म्हणाले, "काका, पुढचं नाव सांगा."

त्यानंतर मेळाव्यापर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. बोलायचे तसे, 'नळ आला', 'गॅस बंद कर', 'डबा घेतला का', एवढंच. मला वाटायचं जाऊन सांगावं, बाबा, लिहिते तुम्ही म्हणता ते, पण असं तोंड नका पाडू. प्रोग्राम फोनवरही चालायचा, एकदा तर स्टेशनवर गाडीची वाट बघत त्यात माझी नोंद उघडलीसुद्धा. बोट त्या यादीवर होतं. गाडी आली, लोकांनी ढकललं, मी आत शिरले आणि फोन पर्समध्ये टाकला. पुढे पुस्तिका छापायला गेली आणि विषय संपला.

मेळाव्याला अमरावतीचा हॉल भरला होता. खुर्च्यांना पांढरे कपडे, स्टेजवर बाबांच्याच दुकानातली झेंडूची तोरणं, मागे स्वयंपाकाचा धूर. प्रोग्राम नीट चालला. विधुरांच्या नावापुढे विधुरच आलं, कोणी हसलं नाही, आणि काका कॉलर ताठ करून फिरत होते. दर्यापूरची पोरगी आली, निवेदकानं तिचं वाचलं. पुढच्या रांगांत माना एकमेकींकडे वळल्या. ती मात्र सरळ समोर बघत उभी राहिली आणि नमस्कार करून उतरली.

मग माझं नाव आलं. मी रोज साठ पोरांसमोर उभी राहते, माईकची मला भीती नाही. निवेदकानं उंची वाचली, शिक्षण वाचलं, नोकरी वाचली, आणि मग "घटस्फोटित". शब्द तेवढाच, पुढे काही नाही. मी माईक घेतला आणि म्हणाले, "माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. बाकी पडद्यावर आहे." उतरून आले तेव्हा पुढच्या रांगेत पानं उलटल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले होते तसंच. ते पुढच्याच रांगेत बसले होते, पण मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

जेवणाच्या वेळी ताटं घेऊन आम्ही एका खांबाजवळ उभे होतो, बोलायचं नाही म्हणून दोघंही भातात बोटं घालत. तेवढ्यात एक बाई आल्या, जरीच्या साडीतल्या, हातात पुस्तिका. मी शेजारी उभी असताना त्या बाबांशीच बोलल्या. आमच्याकडे पोरीबद्दल पोरीला विचारत नाहीत.

"दादा, पोरगी शिकलेली हाय, बोलते बी चांगली. आमच्या पोराले आवडली. त्याचं बी पह्यलं मोडलं हाय." मग आवाज खाली आणून, हसून, "यात नुसतं घटस्फोटित लिहलं हाय. छापाले चुकलं असन नं? नाममात्रच असन?"

उत्तर त्यांनी बाबांच्या हातात तयार ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं. बाबा हो म्हणतील याची मला खात्री होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी इतकी थकले होते की म्हटलं, म्हणू द्या. एकदाचं म्हणू द्या आणि घरी जाऊ.

बाबांनी ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. हात धोतराला पुसला.

"नाही, बाई. छापाले चुकलं नाही. नांदली माही पोरगी त्या घरात. मी भेटाले गेलतो तवा मले पाटावर बसवून वाढलं तिनं, डोक्यावर पदर घेऊन. डोये लाल होते तिचे, तरी पोयी गरम वाढली. चांगली नांदली ते. त्याईनं नांदवली नाही."

बाई 'बरं बरं' म्हणाल्या, पुस्तिका मिटली आणि मठ्ठ्याच्या टेबलाकडे निघून गेल्या. बाबांनी ताट उचललं. "जेव नं," ते म्हणाले, "थंडं होऊन राह्यलं."

इतक्या वर्षांत मी नांदले होते असं कोणी म्हटलंच नव्हतं. मी तिथंच, वरणभाताचं ताट हातात धरून, भर हॉलमध्ये, सगळ्या समाजासमोर, हमसून हमसून रडले.